सड्यावरचं लोखंड, खाजनातला गंधक: गोव्याची माती कशी घडते

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की गोव्यात कुठल्याही उतारावरून पाणी लाल होऊन धावतं. ऑगस्टात त्याच उताराचा व्हाळ बऱ्यापैकी नितळ झालेला असतो. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी, खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधालगत चिखलात हात घातला तर वर येतो तो काळानिळा गाळ, कुजक्या अंड्याचा वास मारणारा. तिन्ही ठिकाणी लोखंड तेच आहे. वेगळं आहे ते पाण्याचं वागणं. एके ठिकाणी ते झिरपून निघून जातं, एके ठिकाणी साचतं, आणि एके ठिकाणी भरतीबरोबर दिवसातून दोनदा परत येतं. गोव्याची माती ओळखायची तर या पाण्याच्या मागोमाग सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, समुद्रापर्यंत उतरत गेलेलं बरं.

माती पाच गोष्टींवर ठरते हे शाळेत शिकवतात: मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ. हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ साली ही मांडणी नीट बसवली आणि ती आजही चालते. पण पाचांचं वजन सगळीकडे सारखं नसतं. एकच उदाहरण पुरे. सोलापूरची काळी माती आणि महाबळेश्वरच्या पठारावरची तांबडी माती, दोन्ही एकाच काळ्या बसाल्ट खडकातून झालेल्या. सोलापूरला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. कमी पावसात खडकातला चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका तिथेच राहतात आणि त्यातून फुगणारी चिकण माती तयार होते. उन्हाळ्यात भेगाळते ती हीच. जास्त पावसात हे सगळं धुऊन जातं आणि मागे लोखंड व अॅल्युमिनियम उरतं. खडक एक, पण पाणी वेगळं, म्हणून माती वेगळी.

गोव्यात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या कडेला त्याहून जास्त. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे तुमच्या परसातल्या प्रत्येक चौरस मीटरवर दरवर्षी तीन हजार लिटर पाणी ओतलं जातं, आणि त्यातलं बहुतेक चार महिन्यांत. हे पाणी नुसतं पाणीही नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पावसाचा पीएच ५.६ च्या आसपास असतो. मातीत शिरल्यावर मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून आलेला वायू त्यात आणखी मिसळतो. हे फिकट आम्ल लाखो वर्षं खडक चाटत राहतं. आधी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जातात. मग हळूहळू सिलिकाही जाते.

डिचोली, सत्तरी, सांगे पट्ट्यातलं लोहखनिज हेही याच धुण्याचं फळ आहे. लोखंड आणि गारेचे पट्टे असलेल्या जुन्या खडकातली सिलिका धुऊन गेली आणि लोखंड दाट झालं. खाणवाल्यांनी ते खणून काढलं, पण दाट करायचं काम पावसाने आधीच करून ठेवलं होतं.

सडा आणि चिरा

राज्याच्या सुमारे चार-पंचमांश भागावर जांभ्याची माती आहे. जांभा घडायला नुसता पाऊस पुरत नाही, पावसानंतर कोरडा काळही लागतो. पावसाळ्यात भूजल वर चढतं आणि खालच्या थरात हवा राहत नाही. हवा नसली की लोखंड पाण्यात विरघळणाऱ्या रूपात जातं आणि पाण्याबरोबर इकडेतिकडे सरकतं. दसरा उलटला की पाणी खाली उतरतं, भेगांतून हवा शिरते आणि लोखंड पुन्हा घट्ट होऊन जिथल्या तिथे बसतं. हे दरवर्षी, असंख्य वर्षं चालत आलं. लोखंडाच्या गाठी झाल्या, गाठी एकमेकींना चिकटल्या आणि त्यांच्या मधली मऊ माती धुऊन गेली. जांभ्याची ती भोकाभोकांची जाळी अशी झाली.

चिरेखाणीच्या, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे ठोकळे काढतात त्या खाणीच्या, उभ्या कापात हा सगळा क्रम वरून खाली वाचता येतो. सगळ्यात वर वीतभर किंवा त्याहूनही कमी माती, खडे मिसळलेली. त्याखाली काळपट तांबडं कठीण कवच. मग चिरे काढण्याजोगा भाग, लाल-पिवळ्या ठिपक्यांचा. त्याच्या खाली पांढरट, गुलाबी, जांभळट छटांची साबणासारखी गुळगुळीत चिकण माती, जिच्यात लोखंड फारसं उरलेलं नाही. आणि सगळ्यात खाली कुजका खडक, ज्याची मूळ रेघ अजून दिसते पण नखाने भुगा होतो. यातला लाल रंग हेमटाइटचा, पिवळा गोथाइटचा. दोन्ही लोखंडाचीच ऑक्साइडं, फक्त गोथाइटमध्ये पाणी बांधलेलं असतं. म्हणून सतत ओलसर राहणारी जागा पिवळसर दिसते आणि कडक तापणारी लाल.

जमिनीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, पिकावाने सहज तासता येतो. उन्हावाऱ्यात पडला की आतलं पाणी उडून लोखंडाची ऑक्साइडं कायमची आवळली जातात. म्हणून चिरा काढून काही महिने उघड्यावर मुरवून मग बांधकामाला घेण्याची रीत आहे. विटेसारख्या कापल्या जाणाऱ्या या दगडाला फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ‘लॅटेराइट’ नाव दिलं, तेही केरळातल्या मलबारमध्ये तो घरबांधणीला वापरताना पाहून. मुरलेला चिराही भोकांमुळे पाणी पितोच. जुन्या गोव्यातल्या बाँ जेजू बासिलिकाचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकला गेला. तेव्हापासून १६०५ सालच्या त्या इमारतीचा उघडा जांभा पावसाने झिजतो आहे. ज्यांना गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंती देखण्या वाटतात त्यांनी एकदा पश्चिमेची, पावसाच्या माऱ्याची बाजू जवळून पाहावी.

सड्यावर माती बोटभर आणि तीही उपाशी. किती उपाशी, ते तिथली फुलंच सांगतात. पावसाळ्यात सडाभर निळीजांभळी दिसणारी सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव पिशवीत धरून खाते. अशा जागेवर खत टाकून शेती करू पाहणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

पण सड्याचं खरं काम शेती नव्हे, पाणी साठवणं आहे. जांभ्याच्या भोकांतून पाणी खाली उतरतं आणि ती साबणासारखी चिकण माती लागली की अडतं. मग आडवं सरकत डोंगराच्या कमरेला कुठेतरी झर होऊन बाहेर पडतं. सत्तरी-फोंड्यातली कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या मिश्र बागा, बहुधा अशा झरीखालीच सापडतात. वर सडा कापून सपाट केला, त्यावर काँक्रीट ओतलं, की खालची झर मार्चातच आटते. मधलं अंतर किलोमीटरभर असलं तर कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

उताराची माती: काय कमी पडतं, काय करायचं

सड्याच्या कडेवरून खाली आलेली, काजूच्या बागांची आणि मोरडाच्या, म्हणजे वरच्या अंगाच्या पावसावरच्या जमिनीतल्या, भातशेतीची तांबडी माती. दोष तीन: आम्लता, धरून ठेवण्याची ताकद कमी, आणि स्फुरद गिळण्याची खोड.

धरून ठेवण्याची ताकद म्हणजे काय? चिकण मातीचे कण पापुद्र्यासारखे असतात आणि त्यांच्यावर ऋणभार असतो. पोटॅश, कॅल्शियमसारखे धनभारित पोषक कण त्यांना चिकटून राहतात. सोलापूरच्या काळ्या मातीत जी चिकण खनिजं असतात ती या कामात आपल्या जांभ्याच्या मातीतल्या केओलिनाइट या चिकण खनिजापेक्षा आठ-दहा पटींनी सरस. म्हणून तिथे एकदा टाकलेलं खत हंगामभर पुरतं आणि इथे जुलैच्या एका झडीत निम्मं वाहून जातं. याला इलाज कुजलेला पाला. सेंद्रिय पदार्थावरही असाच ऋणभार असतो, केओलिनाइटहून कितीतरी जास्त. जांभ्याच्या मातीत शेणखत, पालापाचोळा हे केवळ ‘खत’ नसून भांड्याचं बूडच आहे. काजूखालचा पाला झाडून जाळणारे लोक ते बूडच काढून टाकतात.

स्फुरदाचं दुखणं वेगळं. लोखंड आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरदाला घट्ट धरतात, इतकं की मुळांना तो सुटत नाही. सुपर फॉस्फेट शेतभर फेकलं तर प्रत्येक दाणा मातीच्या मोठ्या पृष्ठभागाला भिडतो आणि बांधला जातो. तेच मुळांजवळ ओळीत किंवा आळ्यात, शेणखतात मिसळून दिलं तर निभावतं. आम्ल मातीत रॉक फॉस्फेटही चालतं, कारण मातीतलं आम्लच ते हळूहळू विरघळवतं. घाटापलीकडच्या चुनखडीच्या जमिनीत तेच रॉक फॉस्फेट पडून राहील. तिकडच्या कृषी पुस्तिका इकडे जशाच्या तशा वापरू नयेत, त्या याचसाठी.

आम्लतेबद्दल. उताराच्या जमिनीचा पीएच साधारण ५ ते ६ च्या दरम्यान सापडतो. ५.५ च्या खाली गेला की अॅल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी होतात. रोप उपटून पाहा: पांढरी तंतुमुळं नसून कोळशाच्या काडीसारखी बुटकी मुळं असतील तर आधी चुना, मग खत. अशा भातजमिनीला शेजारच्या केरळात हेक्टरी ६०० किलो चुना दोन हप्त्यांत देण्याची शिफारस आहे: ३५० किलो नांगरणीच्या वेळी, २५० किलो महिनाभराने. गोव्यात जमीन चौरस मीटरात मोजतात, म्हणून हिशेब असा: १०० चौरस मीटरला एकूण ६ किलो. नेमका आकडा माती परीक्षणावरच ठरवावा, कारण चिकण आणि सेंद्रिय भाग जास्त असला की चुनाही जास्त लागतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, चुन्याचा प्रकार न पाहणं. दळलेला चुनखडक जितका, त्याच्या तीन-चतुर्थांशच विझवलेला चुना लागतो, आणि कळीचा चुना तर निम्म्याहून थोडा जास्त. खुबे-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा भाजून विझवलेला चुना असेल तर ६ किलोंऐवजी साडेचार किलो पुरतो. दुसरी चूक, चुना आणि युरिया किंवा शेणखत एकाच दिवशी टाकणं. नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत उडतो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत.

माड लावायचा असेल आणि खड्ड्याच्या तळाला कठीण जांभा लागला तर खड्डा १.२ मीटर लांब, रुंद, खोल घ्यावा आणि लावणीच्या सहा महिने आधी तळाला दोन किलो साधं मीठ टाकावं. त्याने कठीण थर मऊ पडायला मदत होते. मग सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालींचे, दोन थर, पोकळ बाजू वर करून, प्रत्येक थरावर माती. पोकळ बाजू खाली गेली तर सोडण वाटीसारखं पाणी धरत नाही. गड्याला काम सांगून निघून गेलात की नेमकं हेच होतं.

आणि एक इशारा: नव्या घराच्या बागेसाठी ट्रकने ‘लाल माती’ येते ती बहुधा जमीन सपाट करताना खोलवरून निघालेली असते. जितकी चटकदार लाल किंवा गुलाबी, तितकी खालची. मुळं नाहीत, वास नाही, ओली केली की साबणासारखी सरकते. ती मृत म्हणावी इतकी उपाशी असते. दोन भाग तीच माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत, एक भाग रेती किंवा काथ्याचा भुसा असं मिसळून, एक पावसाळा त्यात ताग किंवा चवळी घेऊन गाडली तर पुढच्या वर्षी ती माती म्हणण्याजोगी होते.

वारूळ

सजीव मातीला काय करतात हे बघायचं तर रोयणीकडे, म्हणजे वारुळाकडे, बघा. वाळव्या खोल जाऊन बारीक चिकण माती एकेक गोळी करून वर आणतात, लाळेने सांधतात. वर खडेरी माती आणि तीत उभं वारूळ मात्र मैद्यासारखं मऊ, एकही खडा नसलेलं. खालून आलेली ही माती पुढे पावसाने पसरते आणि खड्यांच्या थरावर बारीक मातीचं पांघरूण घालते. चुलीला आणि भुईला लिंपायला लोक वारुळाची माती का शोधत ते यावरून कळतं. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. पायाखालच्या मातीला वर आणणाऱ्या जिवाला देवपण दिलं, यात कुणाचं तरी बारीक निरीक्षण असणार असं वाटल्याशिवाय राहत नाही.

हातातली परीक्षा, आणि ती कुठे फसवते

मातीचा पोत घरी पाहायची रीत सोपी आहे. माती वाळवून जाड चाळणीने चाळा. चाळणीवर राहिलेले खडे फेकू नका, त्यांचं वजन करा. उताराच्या मातीत ते निम्म्यापर्यंतही जातं, आणि तेवढी जमीन पाणी-खत धरायच्या हिशेबातून वजा होते. सरळ बाजूच्या काचेच्या बरणीत एक-तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवा. एका मिनिटात जे खाली बसलं ती रेती, खूण करा. दोन तासांनी वर जो थर चढला तो गाळ. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी बसलेला शेवटचा थर म्हणजे चिकण माती.

जांभ्याच्या मातीत हा प्रयोग फसवतो. लोखंडाने चिकण मातीचे कण इतके पक्के सांधलेले असतात की ते रेतीसारखे एका मिनिटात खाली बसतात. बरणी म्हणते ‘रेताड’, पण माती निघते चिकण. म्हणून जोडीला हाताची परीक्षा करा. ओली माती बोटांत पाच मिनिटं सतत मळत राहा. सुरुवातीला खरखरीत लागून नंतर लोण्यासारखी होत गेली तर तो लोखंडाने धरलेला गठ्ठा होता. मग अंगठा आणि तर्जनीत दाबून पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, पाच सेंटिमीटरपर्यंत गेली तर चिकण पोयटा, त्याहून लांब तर चिकण.

प्रयोगशाळेसाठी नमुना एप्रिल-मेमध्ये, खत टाकण्याआधी घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, त्याच्या बाजूची बोटभर जाड काप, सगळं प्लॅस्टिकच्या बादलीत. मेरेजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाच्या जागी घेऊ नये. मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. मोरड आणि खाजन यांची माती एका पिशवीत घालून आणली तर अहवालात येणारा पीएच तुमच्या कुठल्याच शेताचा नसतो.

दरीतून खेरात

झरीखाली डोंगरावरून घसरून साठलेली माती खोल असते, पाला कुजून काळपट झालेली, बाराही महिने ओल धरणारी. सुपारी, माड, केळ, मिरी एकावर एक अशी कुळागरं इथे उभी राहतात. हिला फार काही लागत नाही. एकच गोष्ट सोसवत नाही, ती म्हणजे तुंबलेलं पाणी. पोफळीच्या ओळींमधले चर पावसाआधी मोकळे केले नाहीत तर मुळं गुदमरतात, आणि दमट हवेत सुपाऱ्या कुजवणाऱ्या कोळेरोगाला आयतं आवतण मिळतं.

पुढे सखल भागात खेर: नदीने आणलेली, रेती आणि गाळ मिसळलेली मध्यम जमीन. पावसात भात आणि नंतर उरलेल्या ओलीवर अळसांदे (गोव्याची चवळी), कणगां (रताळी), भाजी. गोव्यातली ही सगळ्यात समंजस माती म्हणायची.

या पायथ्याच्या भातशेतात मात्र लोखंड पुन्हा भेटतं. डोंगराकडच्या कडेने झिरपणाऱ्या पाण्यावर तेलासारखी इंद्रधनुषी साय दिसते. शेजारच्या पंपाचं डिझेल सांडलं असं वाटून भांडणं होतात. काडीने साय मोडून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळे राहिले तर ती लोखंडाची जिवाणूंनी केलेली साय; लगेच पुन्हा मिळून आली तर तेल. लोखंड असेल तर भाताच्या जुन्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येतात, मग सबंध पान काशासारखं होतं, मुळं तांबडी आणि खरखरीत होतात. साचलेल्या पाण्याने लोखंड विरघळलं आणि रोपाने ते गरजेपेक्षा जास्त ओढलं. डोंगराकडच्या कडेला फूटभर खोल चर काढून ते पाणी बाहेरच्या बाहेर वळवणं, लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेत आठवडाभर आटवणं आणि पोटॅश न चुकवणं, एवढ्याने बहुधा पीक सावरतं.

गंमत अशी की पाणी तुंबल्याचा फायदाही आहे. आम्ल माती पाण्याखाली गेली की दोन-चार आठवड्यांत तिचा पीएच आपोआप ६.५ ते ७ कडे सरकतो आणि बांधलेला स्फुरद सुटतो. कोकण-गोव्याच्या आम्ल मातीत भात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला त्यामागे हे रसायन आहे.

खाणींखालच्या शेतांचं मात्र निराळं. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते आणि तिचे ढीग उतारावर राहिले. त्यातला मैद्यासारखा लोहगाळ शेतात बसला की वर चिवट पापुद्रा धरतो. हवा आत जात नाही, बी उगवून वर येत नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हाही पावसात ढीग वाहायचे थांबले नाहीत. असा गाळ बोटभर असेल तर शेणखतासह खोल नांगरून मिसळता येतो. वीतभर असेल तर काढून टाकण्याशिवाय इलाज नाही.

खाजन

आता सगळ्यात गुंतागुंतीची माती. हिमयुग संपून समुद्र चढला तेव्हा मांडवी, झुआरी, शापोरा, साळ यांच्या मुखाकडच्या दऱ्या बुडाल्या आणि त्यांत गाळ साठत गेला. त्यावर खारफुटी आली. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या: समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट, सड्यावरून वाहून आलेलं लोखंड आणि खारफुटीचा कुजका पाला. हवा नसलेल्या चिखलात जिवाणूंनी सल्फेटचं सल्फाइड केलं आणि लोखंडाशी त्याची गाठ पडून पायराइट तयार झालं. कुजक्या अंड्याचा वास आणि काळा रंग त्याच कारखान्याचे. चिखल ओला आहे तोवर पायराइट झोपलेलं असतं. हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं.

माणसांनी या दलदलीभोवती बांध घातले आणि सुमारे १८,००० हेक्टर जमीन शेतीखाली आणली. कोमुनिदादींनी, म्हणजे सामायिक जमीन राखणाऱ्या गावसंस्थांनी, शतकानुशतकं ती सांभाळली. सगळी करामत बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, यांची. मानशीची लाकडी दारं नदीच्या बाजूला उघडतात. ओहोटीला नदी खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरतीला बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. ना माणूस लागतो, ना वीज. बिघडतं कधी? दाराच्या फटीत शिंपल्या चढल्या, काठी किंवा प्लॅस्टिक अडकलं, किंवा मासे पकडायला कुणी भरतीतही दार उघडं अडकवून ठेवलं, तर. बोटभर फटीतून एका उधाणात किती खारं पाणी शिरतं ते दुसऱ्या दिवशी तण जळल्यावर कळतं.

बांध फुटतो तो सहसा वरून पाणी जाऊन नव्हे, आतून पोखरून. कुर्ल्यांची बिळं हे पहिलं कारण. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाच्या आतल्या बाजूने चालत जावं. झिरपणारं पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर बांधाची माती वाहून येते आहे, त्याच ओहोटीत तोंड बंद करायला हवं. आणि बाहेरच्या बाजूची खारफुटी तोडू नये, लाटेचा मार तीच खाते.

मिठाचं गणित विद्युतवाहकतेने मोजतात. समुद्राचं पाणी ५० डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास. मातीचा आकडा ३ च्या वर गेला की भाताचं उत्पन्न घटू लागतं आणि पुढे प्रत्येक एककाला साधारण १२ टक्क्यांनी उतरतं. उन्हाळ्यात खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढून पांढरी साय धरते, म्हणून मेमध्ये आकडा सर्वांत मोठा आणि ऑगस्टात सर्वांत लहान. नमुन्यावर महिना लिहिला नाही तर आकड्याला अर्थ नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाचं पाणी दोन-तीनदा शेतात कोंडून, ओहोटीला मानशीतून सोडून द्यावं, मगच मोड आलेलं बी टाकावं. कोरगूट, आसगो ही जुनी बियाणी इथे टिकतात. जया या सुधारित भाताची पोती पाहून मोह होतो, पण जयाला इतकं मीठ मानवत नाही.

गंधकाची भानगड सहसा खोदकामातून उभी राहते. खाजनात तळी खणली आणि खालचा काळा चिखल काढून बांधावर रचला, की तो वाळतो. काही महिन्यांत त्यावर गवतकाडीसारखे फिकट पिवळे डाग उमटतात. ते डाग म्हणजे आम्ल तयार झाल्याची सही. पुढच्या पावसात ते आम्ल तळ्यात उतरतं आणि मासे तरंगतात. असं पाणी विलक्षण नितळ दिसतं, काचेसारखं, कारण सुटलेलं अॅल्युमिनियम तुरटीसारखं काम करून गाळ खाली बसवतं. खाजनातलं अचानक नितळ झालेलं पाणी हे चांगलं लक्षण नव्हे. खणण्याआधी साधी चाचणी करा: ओल्या चिखलाचा पीएच घ्या, मग तोच चिखल पातळ थरात, दमट ठेवून, सावलीत काही आठवडे उघडा ठेवा आणि पुन्हा मोजा. ६-७ वरून ४ च्या खाली आला तर तो चिखल होता तिथेच, पाण्याखाली राहू द्यावा.

रेव

किनाऱ्याची वाळूट जमीन ही पाण्याच्या प्रवासाचं शेवटचं ठाणं. इथे ना पाणी ठरतं ना खत, म्हणून माडाला एकदम न देता थोडं-थोडं, वर्षात तीन-चार हप्त्यांत द्यावं आणि बुंध्याभोवती सोडणं पुरावीत. माडाचा खड्डाही इथे पाऊण मीटरचा पुरे. मोरजी-मांद्र्याकडच्या वाळूच्या टेकड्या मर्यादवेलीच्या जाळ्याने धरलेल्या असतात. वेल उपटून खुर्च्या मांडल्या की दोन हंगामांत वाळू हलू लागते आणि मागच्या माडांची मुळं उघडी पडतात.

वाळूतली विहीर गोडी असते कारण पावसाचं हलकं पाणी समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल तर खाली ते साधारण चाळीस मीटर पुरतं. हेच प्रमाण उलटही चालतं: पंपाने पातळी दहा सेंटिमीटर उतरवली तर खालचं खारं पाणी कालांतराने चार मीटर वर सरकतं. म्हणून किनाऱ्यावरच्या विहिरीत मोठा पंप तासभर चालवण्याऐवजी छोटा पंप थांबून-थांबून चालवावा. एप्रिलमध्ये अळसांद्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या तर खत कमी पडलं असं समजण्याआधी विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन पाहावं.